दाजींच्या ट्रकचं नवं कुलूप

दाजींच्या ट्रकला चावी लागत नसे म्हटलं तरी चालेल. चमच्याच्या दांड्याने तो सुरू व्हायचा, नेलकटरने व्हायचा, एकदा तर त्यांच्या बायकोच्या, म्हणजे ताईच्या, केसांच्या पिनेनेही झाला होता. चालत्या गाडीत चावी निसटून दाजींच्या पायाशी पडायची आणि इंजिनाला त्याचा पत्ताही नसायचा. ते आपलं धडधडत राहायचं. "गाडी म्हातारी झालीय," दाजी म्हणायचे, "आता ती कुणाला विचारून चालत नाही."

या बोलण्यावर सगळ्यात मोठ्याने हसायचा तो ताईचा धाकटा भाऊ. गाड्यांचं वायरिंग करायचा म्हणून सगळी आळी त्याला वायरमन म्हणायची. सख्खी बहीणसुद्धा तेच म्हणायची. मागच्या गल्लीत त्याचं पत्र्याचं छोटं गॅरेज होतं. हात सोन्याचा, तोंड त्याहून गोड. खोड एकच. दिसेल ती वस्तू 'जरा नेतो गं' म्हणत उचलायची. ताईची शिडी, दाजींची छत्री, शेजाऱ्यांचा हातोडा. परत आणायचा सगळं, पण आपल्या सवडीने. त्यामुळे ट्रकची भानगड सुरू झाली तेव्हा ताईने कुणाकडे बोट दाखवलं असेल, ते वेगळं सांगायला नको.

भानगड अशी होती. दाजी गाद्या पोचवायचे. पहाटे निघायचे, दुकानादुकानांत गाद्या उतरवून दुपारी घरी यायचे, जेवायचे आणि आडवे व्हायचे. सकाळभर गाद्या बघून आलेल्या माणसाची झोप ती. कानाशी ढोल वाजवला तरी मोडायची नाही. ट्रक अंगणात उभा असायचा, तोंड भिंतीकडे. दाजींना गाडी मागे घेणं जमत नसे. एकदा प्रयत्न केला तेव्हा नळ आणि कपडे वाळत घालायचा खांब असे दोन्ही एका दमात गेले होते. तेव्हापासून ते नाकासमोर आत यायचे आणि ताई फाटकाबाहेर उभी राहून त्यांना मागे काढायची.

आणि आता रोज दुपारची झोप काढून दाजी बाहेर येत, तर ट्रकचं तोंड फाटकाकडे. कुणीतरी गाडी बाहेर नेऊन, उलटी आत घेऊन, भिंतीपासून वीतभर जागा सोडून, चाकं सरळ करून लावलेली. इतकी नीट, की बघत राहावं.

पहिल्यांदा दाजींना वाटलं, आपणच लावली असेल आणि विसरलो असू. अंगात थोडा अभिमानही आला. पण मग ते रोजचंच झालं. शेवटी एका संध्याकाळी ताई शिवणाच्या दुकानातून आली, तिने ट्रककडे पाहिलं, आणि वायरमनला बोलावून घेतलं.

"दुपारचा ट्रक तू नेतोस ना?"

"मी? ताई, शिडी नेली, छत्री नेली, कबूल. ट्रक काय खिशात घालून नेऊ?"

"मग कोण नेतं? तुझे दाजी झोपेत चालवतात?"

"दाजी जागेपणी कसे चालवतात ते आपण बघतोच की!"

दाजी खो खो हसले. ताई हसली नाही. "नेलास त्याचं काही नाही," ती म्हणाली. "तोंडावर खोटं बोलतोस, ते लागतं. खरं सांगायचं असेल तेव्हाच ये या घरी."

वायरमनचा चेहरा पडला. आई लहानपणीच गेलेली. या ताईनेच त्याला न्हाऊमाखू घातलेलं. त्याचं दुपारचं ताट या घरात असायचं. दुसऱ्या दिवशी तो गॅरेजमध्ये कोरडा पाव चावत बसला आणि प्रत्येक घासाला त्याचा राग वाढत गेला. असल्या जुन्या ट्रकचं कुलूप आता कुठेच मिळत नव्हतं. पण वायरमन हट्टाला पेटला की पेटला. जुन्या सामानाच्या बाजारातली सगळी दुकानं पालथी घालून त्याने एक कोरं कुलूप शोधून काढलं, तेलकट कागदात गुंडाळलेलं, आणि ताईच्या दारात उभा राहिला.

"हे बसवतो. चाव्या दोनच आहेत. दोन्ही तुझ्या हातात देतो. मग बघू चोर कोण ते!"

"बसव," ताई म्हणाली आणि कामावर निघून गेली. पण जाताना झाकलेलं ताट ओट्यावर ठेवून गेली, हे वायरमनने पाहिलं.

तर त्या दुपारी घरात दाजींचं घोरणं आणि अंगणात वायरमन, एवढंच काय ते जागं होतं. ऊन असं की सावलीलाही सावली शोधावी लागेल. रस्त्यावर माणूस नाही, कुत्रं नाही. त्याने आधी बॅटरीची तार सोडवली, मग केबिनमध्ये चढून स्टिअरिंगखालचं कव्हर काढलं. गुणगुणत होता. हे काम त्याच्या हातचा मळ. जुनी चावी घालायची, अर्धी फिरवायची, बाजूच्या बारीक भोकातून सळई दाबायची. आतली खिट्टी दबते आणि कुलपाचा गोल नळा, ज्याला गॅरेजवाले बॅरल म्हणतात, तो चावीसकट बाहेर येतो.

खिट्टी दबली. बॅरल आला नाही.

त्याने पुन्हा ओढला. बॅरल अडकला असता तर त्याला कळलं असतं. अडकलेल्या वस्तूची एक जडशीळ ओढ असते. ही ओढ वेगळी होती. तो ओढी तेवढंच पलीकडून कुणी ओढी. सैल सोडला की पलीकडूनही सैल. लहान मुलाच्या हातातून वस्तू काढून घेताना होतं, तसं... वायरमनचं गुणगुणणं थांबलं. केबिनमध्ये त्याला संत्र्याचा वास आला. ताज्या सोललेल्या संत्र्याचा, नाकात झिणझिणणारा.

"अहो, सोडा की," तो बोलून गेला. का बोलला, त्याचं त्यालाच कळलं नाही.

बॅरल अलगद त्याच्या हातात आला.

तो ऊनऊन होता. ट्रक सावलीत, बॅटरी बंद, आणि पितळ मात्र असं, की कुणीतरी ते बराच वेळ मुठीत धरून बसलं होतं. आतल्या पितळी पट्ट्या, ज्यांवर चावीचे दाते बसतात, त्या वायरमनने उजेडात धरून पाहिल्या. पार गुळगुळीत झालेल्या. तेवढ्यात वास गेला, घरातून दाजींच्या घोरण्याचा दणदणीत सूर आला, आणि वायरमनला स्वतःचंच हसू आलं. "रिकाम्या पोटी हे असंच होणार," म्हणत त्याने ओट्यावरचं ताट आधी संपवलं. मग नवा बॅरल घातला, 'टक्' करून बसला, कव्हर लावलं, तार जोडली. नवी चावी फिरवली तसा ट्रक पहिल्या झटक्यात सुरू झाला. जुन्या चावीने मात्र ढिम्म हलेना.

संध्याकाळी त्याने दोन्ही चाव्या ताईच्या तळहातावर ठेवल्या, मिरवल्यासारख्या.

दुसऱ्या दिवशी ताईची सुट्टी होती. दाजी दुपारी घरी आले, ट्रक भिंतीकडे तोंड करून लावला, चावी ताईला दिली आणि जेवून झोपले. ताईने दोन्ही चाव्या पर्समध्ये टाकल्या, पर्स मांडीत घेतली आणि ओट्यावर वाटाणे सोलायला बसली. वायरमन पायरीवर बसला, सोललेले वाटाणे खात.

"आज काही होत नाही बघ," ताई म्हणाली. "कारण चोर माझ्यासमोर बसलाय."

"चोर वाटाण्यांचा आहे, ट्रकचा नाही."

ताईला हसू आवरेना. तिने त्याच्या हातावर चापट मारली, आणि ती चापट वाजते न वाजते तोच ट्रक सुरू झाला.

वाटाण्याची शेंग ताईच्या बोटांतच राहिली. दोघांनी आधी एकमेकांकडे पाहिलं, मग पर्सकडे. ताईने चेन उघडली. चाव्या आत होत्या, दोन्ही.

ट्रक सावकाश मागे सरकू लागला.

"वायरमन..." ताई पर्स छातीशी धरून उभी राहिली.

त्याने काय करायला हवं होतं, हे तो पुढे पुष्कळांना विचारत असे. त्या क्षणी मात्र त्याला एवढंच सुचलं की गाडी उताराला लागलीय, कुणाच्या तरी अंगावर जाईल. तो धावला. डावीकडच्या दाराची एरवी बंद असणारी काच आज उतरलेली होती. तिच्यातून हात घालून त्याने आतली कडी उघडली आणि फाटकातून बाहेर पडणाऱ्या ट्रकमध्ये उडी मारली. दार ओढून घेतलं, सवयीने काचही वर केली, आणि हँडब्रेककडे वळला.

हँडब्रेकपर्यंत हात गेला नाही. गाडी घरंगळत नव्हती, ती चालवली जात होती. ड्रायव्हरच्या सीटवर कुणी नव्हतं. पण तिथली गादी खोल दबलेली होती. गिअर सुरेख पडत होते, दाजींसारखे किंचाळत नव्हते. कुलपात चावी नव्हती, तरी नवा बॅरल आडवा फिरलेला होता. आणि संत्र्याचा वास... सगळ्या केबिनभर.

"दादा," वायरमन चाचरत म्हणाला, "कुठं निघालो आपण?"

ट्रक आळीच्या टोकाला वळला, बंद पडलेल्या गोदामाच्या भिंतीच्या कडेने गेला आणि जिथे आता बसही थांबत नाही त्या जुन्या थांब्यापाशी उभा राहिला. बाक मोडलेलं. भोवती ऊन आणि धूळ. कुणी नाही.

टक... टक...

वायरमनच्या कानाशी, काचेवर. बोटाच्या पेराने करावी तशी.

त्याने पाहिलं. काचेपलीकडे नुसता रस्ता. आणि मग त्याच्या ध्यानात आलं, या दाराची बाहेरची मूठ केव्हाची तुटलेली आहे. काच वर असली तर हे दार आतूनच कुणीतरी उघडावं लागतं. इतके दिवस ट्रक रोज इथे येत होता, इथे कुणीतरी रोज टकटक करत होतं, आणि ड्रायव्हरच्या सीटवरून या कडीपर्यंत हात पोचत नाही. उघडायला आत दुसरं कुणी नव्हतं...

टक... टक... या वेळी जरा हळू. आशा सोडलेल्या माणसाची असते तशी.

त्याला भीती वाटत होती हे खरं. पण दारात कुणाला ताटकळत ठेवू नये, हे त्याला ताईनेच शिकवलेलं. त्याने कडी उघडली.

"या... बसा," तो म्हणाला आणि मधे सरकला.

गार हवेची एक झुळूक आत आली. त्याच्या डावीकडची सीट हलकेच दबली. दार लागलं. उजवीकडून एक लांब, सुटकेचा श्वास ऐकू आला, आणि ट्रक घराकडे वळला.

ताई फाटकाशी उभी होती, पांढरीफटक. ट्रक तिच्यासमोर थांबला, उलटा होऊन आत आला, भिंतीपासून वीतभर जागा सोडून उभा राहिला. इंजिन बंद झालं. उजवं दार उघडलं आणि मिटलं. डावं दार तसंच राहिलं. मग वायरमनला कळलं, आणि त्याने हात लांब करून कडी उघडून दिली. तेही उघडलं आणि मिटलं.

"कोण होतं आत?" तो खाली उतरताच ताईने त्याचे दंड धरले.

"तूच सांग. तू समोर उभी होतीस."

"मला तू दिसलास फक्त." "एवढी मोठी सीट, त्यावर एकटा तू. आणि तोसुद्धा मधोमध, अंग चोरून... दोन्हीकडून कुणी दाबल्यासारखा."

मग ती एकदम रडायला लागली, आणि रडता रडता म्हणाली, "तू खरं सांगत होतास रे. माझ्या पोटच्या पोरासारखा तू, आणि मी तुला चोर म्हटलं." वायरमनने तिला ओट्यावर बसवलं, पाणी दिलं. ती शांत होईना तेव्हा तो म्हणाला, "एक मात्र नक्की, ताई. भूत असो की कुणी असो, गाडी दाजींपेक्षा शंभरपट चांगली चालवतं." ताई डोळे पुसता पुसता हसली. त्या हसण्याने दाजी जागे झाले, आणि "चहा झाला का?" विचारत बाहेर आले.

त्यानंतर ट्रक पुन्हा आपणहून हलला नाही. दाजींनी ठेवला की तिथेच, तोंड भिंतीकडे. ज्याला आणायचं होतं त्याला आणून झालं असावं, असं तिघांनी ठरवून टाकलं. वायरमनचं दुपारचं ताट पुन्हा सुरू झालं, तेही दोन पोळ्या जास्तीचं. दाजींनी गोष्ट गाद्यांच्या दुकानदारांना इतक्या वेळा सांगितली की शेवटी शेवटी ट्रकमध्ये आपणच होतो असं त्यांना वाटू लागलं.

पुढच्या सुट्टीच्या दिवशी तिघं एकत्र जेवायला बसले होते. वायरमन रंगात आला होता. दाजींनी नळ आणि खांब कसा पाडला त्याची तो नक्कल करत होता. ताटलीचं स्टिअरिंग, मागे वळून बघणं, मग तोंडाने नळाचं कारंजं. ताईला ठसका लागला. दाजी स्वतःवरच हसून हसून भिंतीला टेकले. हसू ओसरलं, ताईने डोळे टिपले, आणि कुणीतरी भाजीकडे हात नेला.

तेव्हा आतल्या खोलीतून कुजबुज ऐकू आली. शब्द कळत नव्हते. पण कुणीतरी कुणाला तरी, अगदी खालच्या आवाजात, समजावून सांगत होतं, एखाद्याला विनोद कळला नाही की सांगतात तसं. कुजबुज थांबली.

आणि मग दुसरं कुणीतरी मनापासून हसलं.