डावीकडची खिडकी

"मावशी, साइट मेली. लगेच ये."

भाचीचा फोन सकाळी नऊला आला. मावशी निवृत्त शिक्षिका. एकतीस वर्षं पेपर तपासून तिला एक विद्या पक्की आली होती, कॉपी पकडायची. संगणकाच्या नावाने मात्र आनंदच होता.

भाचीचं ऑफिस म्हणजे एक खोली. तीन टेबलं, उजव्या भिंतीत एकुलती एक खिडकी, पांढरा रंग. स्विचबोर्डापाशी पोपडा निघाला होता आणि त्यातून जुना हिरवा रंग डोकावत होता. असले पोपडे मावशीला आधी दिसायचे, माणसं नंतर.

कपड्यांवरचे डाग कसे काढावेत, हे सांगणारी भाचीची वेबसाइट. सर्च इंजिनवर कुणीही 'शाईचा डाग' लिहिलं, की परवापर्यंत पहिली तीच यायची. आज दहा पानं चाळली तरी तिचा मागमूस नव्हता. सर्च इंजिनने कळवलं होतं: तुमचे चाळीस लेख दुसऱ्याचे उचललेले आहेत, म्हणून साइट शोधातून काढली आहे. ते लेख काढा, काय घडलं ते खरं सांगा, मग फेरविचाराचा अर्ज करा.

"चाळीसही लेखांवर हिचं नाव आहे." भाचीने कोपऱ्यातल्या लेखिकेकडे बोट दाखवलं. "आठ महिन्यांत माझं वाटोळं केलं. पाच वाजेपर्यंत ही 'मी चोरले' असं लिहून देणार आहे. ते अर्जाला जोडायचं आणि हिला नारळ द्यायचा."

तसं पत्र एकदा गेलं की त्या पोरीला या धंद्यात कुणी दारात उभं केलं नसतं. रडून तिचे डोळे सुजले होते.

मावशी तिच्यासमोर बसली. "तू लिहिलेस?"

"नाही हो. माझे साठ लेख वेगळे आहेत. हे चाळीस माझ्या नावावर आहेत, पण माझे नाहीत."

"मग आधी का नाही बोललीस?"

लेखिकेने मान खाली घातली. "शंभर लेखांवर नाव बघून बरं वाटलं, मावशी. घरी सगळ्यांना दाखवलं."

आता पाळी भाचीच्या दिराची. संगणकाचं सगळं तोच बघायचा.

"हिचं नाव कुणी लावलं?"

"मीच. दरवर्षी जुन्या लेखांना नवी तारीख घालतो आणि त्या वेळी जो लिहायला असेल त्याचं नाव देतो. लेख ताजा वाटतो. सगळेच करतात."

"सगळे विहिरीत उडी मारतात का? मुळात आणले कुणी?"

"मजकुराला मी हात लावत नाही," दीर म्हणाला आणि त्याने वहिनीकडे बघायचं टाळलं.

मावशी लेख वाचायला बसली. चहा गार झाला. तेराव्या लेखाशी ती थांबली, मागे गेली आणि पुन्हा पुढे आली. शाई असो, गंज असो, तेल असो, शेवटी एकच वाक्य होतं: 'कापड डावीकडच्या खिडकीत वाळवा.'

"हे वाक्य शोध बरं," ती लेखिकेला म्हणाली.

सर्च इंजिनने एकच पान दाखवलं. साधं, रंग ना रूप. एका लाँड्रीवाल्याने आठ वर्षांपूर्वी लिहिलेलं. त्याच्या दुकानाला दोन खिडक्या होत्या. उजवीत कडक ऊन, डावीत सावली. शेवटची नोंद पाच वर्षांपूर्वीची: 'माझंच लिहिलेलं दुसऱ्यांच्या साइटवर वर दिसतं. माझं कुणी उघडत नाही. त्यांना तीन पत्रं लिहिली. आता थांबतो.'

मावशीने चष्मा काढला.

"बरोबर उत्तरं सगळ्या वर्गाची सारखी येतात. त्यावरून चोर सापडत नाही. सापडतो तो उगाच उतरवलेल्या गोष्टीवरून. या खोलीला डावीकडे खिडकीच नाही. ज्याने हे उतरवलं, त्याने डोळे मिटून उतरवलं. आता हा शाईच्या लेखातला फोटो बघा. मागे हिरवी भिंत, त्या स्विचबोर्डाच्या पोपड्यातून दिसते तीच. रंग कधी दिला?"

"दोन वर्षं झाली," दीर पुटपुटला.

"म्हणजे आठ महिन्यांपूर्वी आलेली ही पोर सुटली. आणि फोटोत टेबल एकच आहे. तेव्हा दीरसाहेब, तुम्हीही नव्हता. या खोलीत एकच टेबल असताना इथे कोण बसायचं?"

दिराने आता वहिनीकडे बघितलं.

"नंतर बदलणार होते गं," भाची शेवटी म्हणाली. "सुरुवातीला पानं भरायची होती. मग साइट चालली... आणि राहूनच गेलं."

"आणि ती तीन पत्रं?"

"वाचली होती." भाची म्हणाली. "सकाळी हिचं नाव दिसलं आणि सुटल्यासारखं वाटलं."

मावशीला तिला झोडपून काढायचं होतं. पण तिला एक जुना निबंध आठवला.

"सातवीत माझ्या वर्गात तू निबंध उतरवला होतास. 'माझा धाकटा भाऊ गोट्या गिळतो.' तुला भाऊच नाही. पुढच्या बाकावरच्या मुलीला होता. मला तेव्हाच कळलं होतं."

"तू मला पैकीच्या पैकी दिलेस."

"बहिणीची पोर म्हणून. आणि कॉपी तिनेच केली असं ठरवून त्या मुलीला वर्गासमोर उभं केलं. तासभर. ती रडत म्हणत होती, बाई, भाऊ माझा आहे." मावशीने डोळे पुसले. "तू हे माझ्याकडूनच शिकलीस."

लेखिकेने लिहायला घेतलेलं पत्र मावशीने उचललं आणि फाडलं. भाचीने अडवलं नाही.

भाचीने अर्ज उघडला. 'काय घडलं?' या प्रश्नाखाली कोरी चौकट होती. तिने दोनदा लिहून पुसलं. मग तिने लिहिलं: 'लेख मी चोरले. ज्यांचे आहेत त्यांचा पत्ता खाली देते.'

पत्ता उतरवून घ्यायला तिने सर्च इंजिनवर 'शाईचा डाग' लिहिलं. लाँड्रीवाल्याचं पान पहिलं आलं.