शेवटच्या रांगेतला हात

भुताला मी भीत नाही. उलट भूतच मला भितं. हां, रात्री मागच्या अंगणात जायचं झालं तर आधी बायकोला हलवून "जागी आहेस ना?" एवढं विचारतो. ते तिच्याच काळजीपोटी.

तर परवा रात्री जेवणं झाल्यावर आमच्याकडे वीज गेली. गेली म्हणजे मीच घालवली. मेन स्विच माझ्या खुर्चीच्या पाठीशीच आहे. वायफाय बंद पडलं की नातवंडांना आजोबा आठवतात. आली सगळी चाचपडत. धाकटी म्हणाली, भुताची सांगा, पण खरी हवी, तुमच्यासारखी नको. मी म्हटलं, खरीच सांगतो. जिच्यावर बेतली ती तिथे सोफ्यावर पाय वर घेऊन बसली आहे. थाप वाटली तर तिला विचारा.

ती म्हणजे माझी पुतणी, या पोरांची आत्या. पंप बनवणाऱ्या कंपनीत प्रशासनाची मोठी अधिकारी. विक्रेत्यांचे मेळावे, बैठका, पाहुण्यांची उठबस, सगळं तिच्या अंगावर. लहानपणी भातुकलीतही बाहुल्यांना रांगेत उभं करून चहा द्यायची, म्हणून मी तिला हवालदार म्हणतो. माझं शिक्षण सातवी, तेही अडखळत. पण माइक आणि स्पीकर भाड्याने देण्यात जन्म गेला, त्यामुळे तिच्या प्रत्येक मेळाव्यात बोलणं मालकांचं आणि आवाज माझा.

हवालदारच्या आधी ते काम एक बाई बघायच्या. सगळी कंपनी त्यांना नुसतं 'बाई' म्हणायची आणि म्हणताना शर्टाचं वरचं बटण लावायची. बाईंचा एक नेम होता. मेळाव्याच्या आदल्या रात्री सभागृहाचे दिवे मालवायचे. एकाने व्यासपीठावर उभं राहून उद्याचा सगळा कार्यक्रम माइकवर बोलायचा. बाई स्वतः अगदी शेवटच्या रांगेत जाऊन बसायच्या. ऐकू आलं आणि पटलं, की हात वर. पटलं नाही, की हात खाली. हात वर झाल्याशिवाय कुणी घरी जायचं नाही, मालकांनीसुद्धा. त्या म्हणायच्या, पहिल्या रांगेसाठी सगळेच राबतात; मेळावा कसा झाला ते शेवटच्या खुर्चीला विचारा.

दोन वर्षांपूर्वी बाई साध्या तापाचं निमित्त होऊन गेल्या. जागा हवालदारला मिळाली, पण कच्ची. मालकांनी सांगून टाकलं, हा मेळावा कर, दुसऱ्या दिवशीच्या झाडाझडतीत तुझं काय ते ठरवू. घर तिच्या पगारावर चालतं. ती महिनाभर नीट झोपली नव्हती.

फेब्रुवारीतला दुसरा शनिवार, मेळाव्याची आदली रात्र. रात्रीचे पावणेबारा.

संध्याकाळी मालक येऊन एक लचांड लावून गेले होते. नव्या पंपाच्या जाहिरातीची एक चौकट, माणसापेक्षा उंच, आत दिवे लावलेली. ती त्यांनी नेमकी सभागृहाच्या मागच्या दारासमोर उभी करायला लावली. पाहुणे मागे वळले की तीच दिसली पाहिजे, म्हणे. हवालदार म्हणाली, साहेब, तिथे दार आहे. मालक म्हणाले, पुढे दोन आहेत की. ती गप्प बसली. मी टोमणा मारला, हवालदारची शिट्टी हरवली वाटतं. तिने माझ्याकडे बघितलंही नाही. कच्च्या जागेवरचा माणूस असाच असतो, त्याला चिडवण्यातही मजा येत नाही.

रात्री कामगार गेले. बाईंच्या नेमाची चाचणी तेवढी राहिली. शेवटच्या रांगेत बसायला आता मीच. म्हटलं, गाडीतून चहाचा थर्मास आणतो, मग बसतो. आणि गेलो.

पुढचं तिने सांगितलेलं आहे. एक गोष्ट मात्र ध्यानात ठेवा. तिथल्या खुर्च्या स्प्रिंगच्या आहेत. माणूस उठला की बैठक आपोआप वर मिटते, आणि खट् असा आवाज होतो.

तिने दिवे मालवले. व्यासपीठावर एकच ठेवला. मागे दारावर एक लहान हिरवा दिवा असतो, त्याच्या उजेडात शेवटच्या रांगेच्या पाठी तेवढ्या दिसत होत्या. तिने माइक हातात घेतला आणि नुसतं सवयीने विचारलं, पोचतंय का?

शेवटच्या रांगेत एक हात वर झाला.

ती हसली. तिला वाटलं, मी. तिच्या पहिल्या मुलाखतीच्या दिवशी मी तिच्या पर्समध्ये रबरी पाल ठेवली होती, त्यामुळे तिला तसं वाटणं बरोबरच होतं. तिने कार्यक्रम बोलायला घेतला. नऊ वाजता नोंदणी. हात वर. मालकांचं भाषण, पंधरा मिनिटं. हात वर झाला, पण जरा उशिराने. ती म्हणाली, मलाही जास्तच वाटतात. जेवण दोन टेबलांवर, म्हणजे गर्दी तुंबणार नाही. हात वर.

मग ती म्हणाली, मागच्या दारासमोर नव्या पंपाचं प्रदर्शन.

हात खाली गेला.

तिने पुन्हा सांगितलं.

हात खालीच.

काका, मालकांचा हुकूम आहे, ती म्हणाली. करा वर. घरी जायचंय.

काही नाही.

ती थांबली. समोरचा काळोखही थांबला. मग तिच्या पाठीमागून, अगदी जवळून, कुणीतरी म्हणालं, "कुणाशी बोलतेस गं?"

तो मी. हातात थर्मास.

ती वळली. माझ्याकडे बघितलं, थर्मासकडे बघितलं. हातातला माइक चालूच होता, त्यामुळे ती जे कुजबुजली ते सगळ्या सभागृहात घुमलं.

"काका, तुम्ही इथे... मग तिथे कोण बसलंय?"

मी डोळे ताणले. मला काळोख दिसला. खरं सांगतो, फक्त काळोख. पण आम्ही दोघं कान देऊन उभे होतो...

खट् झालं नाही.

कुणी उठलं नव्हतं.

मी धावत जाऊन सगळे दिवे लावले. सभागृह रिकामं. सगळ्या खुर्च्या मिटलेल्या. शेवटच्या रांगेत, कडेची एक... उघडी. बैठक खाली. वर वजन असावं तशी.

मी म्हटलं, चल घरी. हवालदार म्हणाली, हात वर झालेला नाही.

असं म्हणून ती खाली उतरली आणि सरळ मागे चालू लागली. त्या खुर्चीजवळून गेली. त्या चौकटीला खांदा लावला. एकटीला हलेना. मग मलाही जावं लागलं. खाली चाकं होती म्हणून निभावलं. आम्ही ढकलत होतो आणि ती खुर्ची आमच्या पाठीशी होती. माझ्या मानेवर गार वारा येत होता. पंखे बंद होते. चौकट सरकत सरकत कोपऱ्यात गेली. दार मोकळं झालं. तिने कडी काढून ते एकदा उघडून बघितलं.

मग तिने दिवे पुन्हा मालवले. एक ठेवला. माइकपाशी गेली. मी तिच्या पायाशी पायरीवर बसलो, सभागृहाकडे पाठ करून. मागे बघायचं नाही, हे मी ठरवलं होतं.

ती म्हणाली, मागचं दार मोकळं. पोचतंय का?

मी तिचा चेहरा बघत होतो. तिची नजर दूर, मागे. बराच वेळ तशीच. मग ओठ हलले, पण आवाज आला नाही. तिने माइक हळूच खाली ठेवला.

"चला, काका."

दुसऱ्या दिवशी काय झालं? काहीही नाही. आग नाही, धूर नाही, कुणाला शिंकसुद्धा आली नाही. भूत वाया गेलं म्हणा. सोमवारी झाडाझडतीत मालक तापले, माझी चौकट कोपऱ्यात कुणी सारली? हवालदार म्हणाली, मी. कशासाठी? दारासाठी. ते दार काल दिवसभरात कुणी उघडलं तरी का? ती म्हणाली, नाही साहेब, उघडायची वेळ आली नाही, म्हणूनच तुम्ही आज फक्त चौकटीबद्दल विचारताय. मग मालक म्हणाले, पुढच्या वेळी आधी मला सांगत जा. आमची हवालदार हुशार. तिने त्यातलं 'पुढच्या वेळी' तेवढं उचललं आणि जागा पक्की झाल्याचा मला फोन केला.

ती खुर्ची मात्र अजून तशीच. मिस्त्री आला, त्याने स्प्रिंग बदलली. खुर्ची मिटली. सकाळी उघडी. मग त्यांनी अख्खी खुर्चीच काढून दुसरी बसवली.

तीही उघडीच असते.

एवढं सांगून मी थांबलो. धाकटी माझ्या मांडीत शिरली होती. म्हटलं, बघा, एवढं होऊनही तुमचा आजोबा डगमगला नाही.

सोफ्यावरच्या काळोखातून हवालदार म्हणाली, "मग गेली दोन वर्षं त्या सभागृहाच्या मागच्या भिंतीवरचा स्पीकर लावायला मला का पाठवता, काका?"