चौदा लाल कोट

मे महिन्यात रायपूरचा माणूस दोनच गोष्टी बोलतो, आज किती तापलं आणि उद्या किती तापणार. अशा चव्वेचाळीसच्या उन्हात दीपमालाच्या घरची मंडळी बर्फात राहायला निघाली होती. आणि तेही स्वित्झर्लंडला नव्हे, घरापासून पाऊण तासावर, नवा रायपूरला.

रुंद, सुनसान रस्त्याच्या कडेला ‘हिमशिखर फॅमिली रिसॉर्ट’ नुकतंच उघडलं होतं. लाकडी खोल्या, प्लॅस्टिकची देवदारं, मुलांसाठी एकावर एक पलंग, आणि बर्फ घसरून पडावं म्हणून उतरती छपरं. त्या छपरांवर अजून कबुतरांखेरीज काही उतरलं नव्हतं. पण आत खराखुरा बर्फाचा हॉल होता, स्कीवरून घसरायला छोटासा उतार होता, आणि तिच्या दोन पोरांना, संघर्ष नि मोनालीला, तेवढं पुरे होतं.

गाडी दोन महिन्यांपूर्वीचीच. तिचा नवरा यशदीप रेल्वेच्या लोको शेडमध्ये कामाला, त्यामुळे यंत्राचं त्याला भारी कौतुक. मागच्या सीटवर कुणी पट्टा न लावता बसलं की ही गाडी किंचाळायची. वाटेत दीपमालानं मधल्या सीटवर टरबूज ठेवलं, तर टरबुजासाठीही गाडीनं बोंब ठोकली. शेवटी संघर्षनं टरबुजाला पट्टा बांधला, तेव्हा कुठे ती गप्प झाली. सगळे पोट धरून हसले.

हॉलच्या दारावर पाटी होती, पाच वर्षांखालच्या मुलांना प्रवेश नाही. मोनाली सव्वाचार वर्षांची. दिवाळीपासून तिच्या तोंडी बर्फाशिवाय दुसरा विषय नव्हता. दादाला लाल कोट मिळाला आणि आपल्याला नाही, हे पाहून तिनं असं भोकाड पसरलं की आजूबाजूच्या आया वळून बघू लागल्या. यशदीप जेवून वर खोलीत घोरत पडला होता.

दीपमालाला यावर उपाय ठाऊक होता. ती रेल्वे क्वार्टरात वाढलेली. गोंदियाच्या लग्नांना जाताना, दीक्षाभूमीला जाताना घरात पोरं जास्त नि बर्थ कमी. ज्याचं नाव चार्टात नाही, त्या पोराला चादरीत गुंडाळून वर ठेवायचं, आणि टीसी मोजायला आला की त्यानं श्वास रोखून पडायचं. ती सगळ्यांत धाकटी, म्हणून चादरीत बहुतेक वेळा तीच. हे आठवलं की तिला अजूनही हसू यायचं.

तिनं मोनालीला कोपऱ्यात नेलं, स्वतः विणलेला पिवळा स्वेटर घातला, गळ्यापर्यंत बटणं लावली आणि कानात सांगितलं, “मोनू, तुहं नाव चार्टात नाही, समजलं? दादाचा हात धरून राहाचं. अन् कोणी मोजाले आलं का लपून जाचं. चूप बसाचं. मी बोलावीन तवाच बाहेर याचं.”

मोनालीनं डोळे पुसून मान हलवली. दारावरची प्रेमला, बीरगांवहून कामाला येणारी बाई, दुसऱ्या एका पोराचे पाय बुटात कोंबत होती. तेवढ्यात संघर्षच्या कोटाआडून मोनाली आत सटकली. दीपमालाला मोठी गंमत वाटली.

कोट चौदा होते, पाठीवर एक ते चौदा आकडे शिवलेले. चार वाजता घंटा झाली. मुलं बाहेर आली, कोट खुंट्यांना लागले. प्रेमलानं आत जाऊन एक हाक दिली, मग बाहेर येऊन बोटानं कोट मोजले. चौदा. वहीत सही केली नि दार लावलं. त्याआधीच वाफ धरलेल्या काचेतून दीपमालानं संघर्षला बाहेर येताना पाहिलं होतं. त्याच्या हातात हात दिलेला पिवळा स्वेटरही पाहिला, पाठमोरा. जमलं एकदाचं, म्हणून ती मॅगीच्या रांगेत जाऊन उभी राहिली.

दोन वाट्या घेऊन परत आली, तर संघर्ष एकटाच.

“मोनू कुठी आहे?”

“यहीं तो थी. हाथ पकड़ के लाया ना मैं उसको.” तो आपला उजवा तळवा पँटला घासत होता. “बहुत ठंडा हाथ था, मम्मी... और कुछ बोल ही नहीं रही थी.”

त्याला बाकावर बसवून ती खेळायच्या खोलीत गेली, बाथरूममध्ये गेली, जिन्याखाली वाकली. “मोनू... ए मोनू...” पिवळा रंग कुठेच नव्हता. मग ती काचेशी आली. आत दिवे बंद झाले होते. अंधारात कसलं तरी यंत्र घरघरत होतं आणि दारावरच्या लाल आकड्यात उणे सहाचे उणे सात झाले. कोणी मोजाले आलं का लपून जाचं. स्वतःचेच शब्द तिच्या कानात उठले नि ती मॅनेजरकडे धावली.

मॅनेजर पुष्कर कडक इस्त्रीचा, तिशीचा. त्यानं वही तिच्यासमोर फिरवली. “मैडम, चौदा गए, चौदा आए. अभी बर्फ गिराने की मशीन चालू है, पौन घंटा दरवाज़ा नहीं खुलता. और आपकी बच्ची का तो इसमें नाम ही नहीं है.”

“नाहीच आहे!” दीपमाला ओरडली. “मीच नाही टाकलं. मीच लपवून पाठवलं तिले... खोटं केलं मी. पोलिसात द्या मले, काही करा, पण दार उघडा...” तिनं त्याचे पाय धरले. तो मागे सरकला, मोठ्या साहेबांना विचारतो म्हणाला नि फोन कानाला लावून निघून गेला. दीपमालानं यशदीपला सात वेळा फोन लावला. घंटी वाजत राहिली.

उणे नऊ.

प्रेमलानं इकडेतिकडे पाहिलं. कमरेचा किल्ल्यांचा जुडगा काढला. “चलो दीदी. नौकरी जाही त जाही.”

दार उघडलं तसा गारठा अंगावर आला. रबरी बुटांचा ओला वास, आणि त्याखाली बंद फ्रीजमध्ये साचतो तसला कुबट वास. बाहेर भर दुपार होती, आणि इथे प्रेमलाच्या मोबाइलच्या उजेडापलीकडे स्वतःचा हात दिसत नव्हता. वरून बारीक बर्फ न थांबता पडत होतं. घसरगुंडीच्या उतारापलीकडे, टोकाला, मुलांनी आत शिरून खेळावं म्हणून केलेलं बर्फाचं घुमटासारखं घर होतं. तिकडून आवाज येत होता.

“...अकरा... बारा... तेरा... चौदा...”

थांबला. मग पुन्हा पहिल्यापासून. “एक... दोन...”

आवाज मोनालीचा होता. पण मोनालीला दहाच्या पुढे मोजता येत नव्हतं.

“मोनू! मी बोलावून राहिली, ये बाहेर...”

“...तेरा... चौदा...”

“पंधरा!” दीपमाला किंचाळली. “पंधरा माही मोनू आहे... पंधरा!”

मोजणं थांबलं. यंत्राची घरघरसुद्धा थांबल्यासारखी वाटली. आणि मग पाठीमागून, अगदी जवळून, दाराच्या बाजूनं एका लहान पोरीनं हळूच विचारलं, “अन् मी?”

दीपमालानं मागे वळून पाहिलं नाही. वळायची तिची छातीच झाली नाही. पण त्या आवाजात धमकी नव्हती. वरच्या बर्थवर चादरीत श्वास रोखून पडलेल्या, टीसी गेल्यावरही कुणी उतरवायला न आलेल्या पोराचा तो आवाज होता. तिला तो ओळखू आला, हीच खरी भीती.

“तुलेही मोजीन,” ती म्हणाली. दात वाजत होते. “माही पोट्टी दे मले... मी तुलेही मोजीन, बाई.”

मोनाली बर्फाच्या घरात पाय पोटाशी घेऊन बसली होती. गाल गरम होते, हात गरम होते. अंगात पिवळा स्वेटर नव्हता, जाडजूड लाल कोट होता. प्रेमलानं त्याच्या पाठीवर उजेड टाकला. आकडा नव्हता. आकडा उसवल्याचे टाके तेवढे होते.

“हमारे पास ऐसा कोट नहीं है, दीदी,” ती कुजबुजली. “चौदा ही हैं. शुरू से चौदा ही हैं.”

बाहेर आल्यावर दीपमालानं तो कोट काढून बाकावर टाकला आणि पोरीला छातीशी धरून ती हमसून हमसून रडली. मोनाली मात्र शांत होती. “मम्मी, तिनं माहा स्वेटर घेतला. म्हणे, एक जण आत राहाच लागते. दरवेळी. नाही तं हिशेब जुळत नाही.”

“कोण ती?”

“तीच. तू म्हणाली ना मोजीन.”

यशदीप डोळे चोळत खाली आला. सगळं ऐकून आधी बायकोवर भडकला, मग मॅनेजरवर, आणि मग पोरीला उचलून एवढंच म्हणाला, “चला घरी. एक मिनिट थांबाचं नाही इथं.” तळघरात उभ्या गाडीत सामान कोंबलं. संघर्ष एका खिडकीशी, मोनाली दुसऱ्या खिडकीशी. दोघांनी न सांगता पट्टे लावले.

गाडी सुरू झाली आणि किंचाळायला लागली.

“मधात काय ठेवलं?” यशदीप खेकसला.

दीपमालानं मागे पाहिलं. मधल्या सीटवर पिवळा स्वेटर होता. गळ्यापर्यंत बटणं लावलेला, ताठ, पाठ टेकून. संघर्ष दाराला चिकटून बसला होता, हात काखेत दाबून.

“स्वेटर आहे,” ती म्हणाली.

“स्वेटरनं वाजत असते काय?”

गाडी तशीच किंचाळत फाटकापर्यंत आली. बाहेर साडेपाचचं पिवळं, तापलेलं ऊन होतं. चौकीदार वही घेऊन खिडकीशी वाकला. “कितने लोग, साहब? बच्चे कितने?”

“दो,” म्हणायला यशदीपनं तोंड उघडलं. दीपमालानं त्याचा दंड इतका घट्ट धरला की नखं रुतली. दोन म्हटलं तर दोनच बाहेर जाणार. कोणते दोन, हे तिला सांगता आलं नसतं. आरशात मोनाली तिच्याकडे एकटक बघत होती, आणि तिच्या तोंडातून बारीक वाफ निघत होती.

“तीन,” दीपमाला म्हणाली. “तीन लिहा, भैया.”

चौकीदारानं मागच्या काचेतून आत डोकावलं. ओठ हलवत मोजलं. मान डोलावली, वहीत आकडा लिहिला आणि दांडा वर उचलला.

मागे पट्टा अडकल्याचा आवाज झाला. गाडी गप्प झाली.