सवतीचा वाटा

साल चोपन्न असावं. रामनवमीला बायको-लेकरांना पोहरादेवीची जत्रा दाखवायची असं इंझोरीच्या पुंजाजीने ठरवलं, आणि उजाडायच्या आत बैलांची रेंगी जुंपली. मागे कडबा अंथरला, त्यावर घोंगडी, उशाला भाकरीचं गाठोडं. सहा वर्षांची सगुणा आणि तीन वर्षांचा किसना, दोघांनीही रात्रभर डोळ्याला डोळा लावला नव्हता. यंदा जत्रेत खेळांचा मोठा तळ उतरलाय, अशी बातमी गावात आली होती. तिथे लाकडी घोडे गोल गोल पळतात, आरशांच्या तंबूत माणूस घागरीएवढा बुटका दिसतो, आणि आभाळाला टेकणारा रहाटपाळणा आहे म्हणे.

खरं सांगायचं तर भागिरथी लेकरांपेक्षा जास्त हरखली होती. पण ते दाखवायची सोय नव्हती, कारण तिच्या गळ्यात टाक होता.

पुंजाजीची पहिली बायको तुळसा सगुणेच्या बाळंतपणात गेली. वर्ष उलटायच्या आत भागिरथी त्या घरात आली. मांडवातून उठली नाही तोच सासूने तिच्या गळ्यात काळ्या दोऱ्यात ओवलेला चांदीचा पत्रा बांधला. अंगठ्याच्या नखाएवढा पत्रा, त्यावर एका बाईची ठसठशीत आकृती. ही तुझी सवत. आता जे काही नवं तुझ्या वाट्याला येईल ते आधी हिला दाखवायचं. लुगडं आधी टाकाला लावायचं, मग नेसायचं. सणाचा पहिला घास तिच्या नावाने बाजूला. आणि दर वेळी म्हणायचं, "तुमचं तुमी घ्या बाई, आमचं आमाले सोडा."

"पह्यला अर्धा इसरली त चालते," सासूने बजावलं होतं. "दुसरा इसरू नको."

पाच वर्षं भागिरथी एकदाही विसरली नाही. पाच वर्षं तिने सगळं सवतीच्या मागून घेतलं. लुगडं, घास, चूल, नवरा. वर सासू होती तोवर सासूचा आणि सासू गेल्यावर पुंजाजीचा एकच पाढा. तुळसा असं करे, तुळसा तसं करे. मेलेल्या माणसाचं बरं असतं, त्याची भाकरी कधी करपत नाही. सगुणाही तिला आई म्हणत नसे, मावशी म्हणे. सासूनेच तसं शिकवलं होतं. त्या घरात अगदी पहिल्यापासून तिचा, तिच्याच पोटचा, तिला 'माय' म्हणणारा एकटा किसना होता. त्याच्या जोरावर ती बाकीचं सगळं गिळत होती.

उन्हं चांगली चढल्यावर ते पोचले. जत्रेत मुंगीला वाट नव्हती. तांड्यातांड्यांतून आलेल्या बंजारा बायकांच्या कांचळीवरचे आरसे उन्हात लखलखत होते. नारळाच्या शेंड्या, गुळाची जिलबी, धूळ आणि माणसांचा घाम, सगळ्यांचा मिळून एक वास झाला होता. देवीचं दर्शन झालं. रेवड्या घेतल्या, पहिली रेवडी टाकाला दाखवून झाली. किसना लाकडी घोड्यावर बसला आणि उतरायलाच तयार होईना. आरशांच्या तंबूत सगुणा आपल्याच बुटक्या रूपाला घाबरून बापाच्या धोतरात शिरली. भागिरथीला वाटलं, आज दिवस बरा जाणार.

मग पुंजाजी बांगडीवालीपाशी थांबला. पाच वर्षांत त्याने बायकोसाठी आपणहून काही घेतलं नव्हतं. भागिरथीने पदर सावरून हात पुढे केला.

"हिरव्या दे," तो बांगडीवालीला म्हणाला. "डझनभर. सव्वादोनचं माप."

भागिरथीचं माप अडीचचं होतं. बांगडीवालीने हात दाबला, चोळला, तेल लावलं. बांगड्या अंगठ्याच्या सांध्याशी अडकल्या. दोन फुटल्या आणि मनगटावर रक्ताची रेघ उमटली.

"मले वाटलं..." पुंजाजी म्हणाला.

त्याला काय वाटलं ते सांगायची गरज नव्हती. सव्वादोनचा हात कोणाचा, ते भागिरथीला कळलं. बांगडीवालीलाही कळलं असावं, कारण तिने मान खाली घातली. "ऱ्हाऊ द्या," भागिरथी म्हणाली. पदराने रक्त पुसलं आणि लेकरांना घेऊन सरळ रहाटपाळण्याकडे निघाली. पुंजाजी मागे बैलांना पाणी दाखवायला गेला.

रहाटपाळणा म्हणजे दोन सागवानी खांबांवर आडवा आस, त्यावर फिरणारा चौक आणि चार टोकांना चार लाकडी पाळणे. इंजिन-बिंजिन काही नाही. दोन गडी दांड्यांना लोंबकळून तो फिरवत. पाळणेवाला म्हातारा होता, बोकडासारखी दाढी राखलेला. कोणाला कुठे बसवायचं ते तोच ठरवी. समोरासमोरच्या पाळण्यांत सारखं वजन पाहिजे, नाहीतर रहाट अडतो आणि आस मोडतो. त्याने सगुणेला आणि किसनाला एका पाळण्यात बसवलं. समोरच्यात आधीच तांड्यातली तेवढ्याच वयाची दोन पोरं होती. "बराबर है," म्हातारा म्हणाला आणि पाळण्याची दांडी लावली.

भर दुपारचे बारा झाले होते. नवी गोष्ट होती, लेकरं पहिल्यांदाच पाळण्यात बसत होती. सवयीने भागिरथीचा हात टाकाकडे गेला. मनगट अजून ठणकत होतं. बोटांवर ओघळलेलं रक्त चांदीला लागलं.

"घ्या," ती दात खाऊन म्हणाली. "पह्यला फेरा बी तुमीच घ्या. सारं तुमीच घ्या."

दुसरा अर्धा तिच्या जिभेवर आला होता. तिने तो मुद्दाम गिळला. पाच वर्षांत एकदा तरी सवतीला वाकडं बोलल्याचं समाधान तिला हवं होतं.

गड्यांनी दांडीला झोंबी घेतली. रहाट हलेना. किसना-सगुणेचा पाळणा खाली तो खालीच. म्हाताऱ्याने आसाला तेल सोडलं, खांबांना धक्का देऊन पाहिलं, मग पाळण्यात डोकावला.

"और कौन बैठा?" त्याने विचारलं.

"कोनी नाई. दोनच लेकरं हायेत," भागिरथी म्हणाली.

म्हाताऱ्याने पाळण्याखाली हात घालून तो जरासा उचलून पाहिला. चाळीस वर्षं हाताने वजन ओळखणारा माणूस. त्याने हात काढून घेतला आणि कुडत्याला पुसला.

"दो बच्चे नहीं, बाई," तो हळू आवाजात म्हणाला. "दो बच्चे और एक औरत..."

भागिरथी हसायला गेली. हसू आलं नाही. "उतरवा मंग त्याईले," ती म्हणाली.

पण लेकरं उतरेनात. आत दोघं खिदळत होती, आणि मागे लोक ओरडायला लागले होते. म्हाताऱ्याने घाईने तोड काढली. गड्यांनी सगळा जोर लावून समोरचा पाळणा खाली ओढला आणि त्या दोन पोरांच्या मध्ये म्हाताऱ्याने भागिरथीला बसवलं. "एक फेरा. सिर्फ एक," तो म्हणाला.

भागिरथी बसली मात्र, रहाट अलगद सुटला. गड्यांना जोरही लावावा लागला नाही. दोन्ही बाजू तोळ्याचाही फरक नसल्यासारख्या झाल्या.

ती वर गेली तेव्हा लेकरं खाली होती. लेकरं वर गेली तेव्हा ती खाली. मध्ये दोन वेळा दोन्ही पाळणे एका रेघेत आले, आठ-दहा हातांच्या अंतरावर. खालची जत्रा, कर्ण्यावरची गाणी, सगळं लांब गेलं. फक्त आसाचं कुरकुरणं उरलं. कर्र... कर्र... आणि वाऱ्यावर एक वास आला. जिलबीचा नाही, धुळीचा नाही. शेपा-ओव्याच्या धुरीचा, ओल्या बाळंतिणीच्या खोलीचा वास. त्या उन्हात, त्या उंचीवर.

पाळणे पहिल्यांदा समोरासमोर आले तेव्हा तिने पाहिलं. सगुणा एका कडेला, किसना दुसऱ्या कडेला. मध्ये हातभर जागा मोकळी. दोघंही त्या मोकळ्या जागेकडे कलली होती. किसनाचं डोकं तर पार तिरपं झालं होतं, आणि तरी पडत नव्हतं. कशावर तरी टेकलेलं होतं.

"किसना!" ती ओरडली. "सरळ बस, बापा!"

त्याने पाहिलंच नाही. दुसऱ्यांदा पाळणे समोर आले तेव्हा त्याने मुठीतली रेवडी वर उचलली आणि त्या मोकळ्या जागेत धरली. मग मूठ उघडली. रेवडी नव्हती... खालीही पडली नव्हती.

"आमचं आमाले सोडा," भागिरथी पुटपुटली. मग मोठ्याने म्हणाली. मग ओरडत राहिली. शेजारची तांड्यातली पोरं रडायला लागली. सगुणेने मात्र तिच्याकडे पाहिलं आणि ती हसली. पाच वर्षांत भागिरथीने त्या पोरीला असं हसताना पाहिलं नव्हतं. तिला अशी हसवायचा प्रयत्नही कधी केला नव्हता, हे तिला त्या क्षणी, त्या उंचीवर आठवलं, आणि त्या आठवणीची तिला भीती वाटली.

फेरा संपला. भागिरथी पडत-झडत लेकरांच्या पाळण्याकडे धावली. म्हाताऱ्याने दांडी काढून दिली आणि तो चार पावलं मागे सरकला. तिने दोन्ही हात पुढे केले. किसना तिच्या हातात आला नाही. तो दुसऱ्या बाजूने उतरला. एवढ्याशा पोराला ती उंची एकट्याने उतरता येणार नव्हती, पण तो उतरला, एकेक पाय जपून टेकत, कोणीतरी काखेत धरावं तसा.

मग त्याने मान वर करून भागिरथीकडे पाहिलं. ओळखीच्या, पण परक्या माणसाकडे लेकरू पाहतं तसं.

"मावशी," तो म्हणाला, "तू काहून रडून राह्यली?"

परतीच्या वाटेवर दोन्ही लेकरं रेंगीच्या मागच्या टोकाला बसली, मध्ये जागा सोडून. भागिरथीने तीनदा किसनाला ओढून मांडीवर घेतलं. तीनदा तो सुळकन सुटून मागे गेला. शेवटी ती पुढे सरकून नवऱ्यापाशी बसली आणि तिने त्याला सगळं सांगितलं. रक्त लागलेला टाक, गिळलेले शब्द, म्हाताऱ्याने हाताने जोखलेलं वजन.

"माह्या तोंडून गेलं वो. रागात गेलं. आता तुमी सांगा तिले. तुमचं आयकन ते. म्हना, पोरगं सोड म्हना..."

कासरा पुंजाजीच्या हातात सैल पडला होता. मग त्याने मान वळवली, भागिरथीच्या डोक्यावरून मागे पाहिलं, आणि इतक्या हळुवार आवाजात बोलला की भागिरथीने तो आवाज पाच वर्षांत ऐकला नव्हता.

"सगुने... कशी दिसते वं ते?"

"चांगली दिसते," सगुणा म्हणाली. "बाबा, माय म्हनते, गाडी हळू हाका. तिले धक्के सोसत नाईत."

पुंजाजीने बैल आवरले. चाकांचा आवाज मंद झाला. पुढचे सगळे कोस तो बाळंतीण घरी आणावी तशी गाडी हाकत गेला, खाचखळगे चुकवत. एकदाही भागिरथीकडे वळला नाही. ती त्याच्या शेजारी बसून होती. रडणंही तिने थांबवलं, कारण त्या गाडीत ते ऐकायला कोणी नव्हतं.

घरी पोचले तेव्हा दिवेलागण झाली होती. सगुणा बापाच्या कडेवर झोपली. भागिरथीने किसनाला उचललं, आत नेलं आणि दाराला कडी घातली. भिंतीला पाठ लावून ती बसली. किसना अजून अंगावर पीत होता, झोपताना तरी त्याला लागेच. सकाळपासून त्याला घेतलं नव्हतं, चोळी भिजून छाती दगडासारखी झाली होती. कोणाचा वाटा आणि कोणाचा पहिला हक्क, हे या एका गोष्टीत कोणी विचारू शकत नव्हतं. तिने त्याला पदराखाली ओढलं.

"पे, माह्या राजा. पे रे..."

त्याने तोंड फिरवलं. हट्ट नव्हता, राग नव्हता. पोट भरलेलं लेकरू फिरवतं तसं फिरवलं, आणि पेंगुळलेल्या आवाजात म्हणाला,

"नोको मावशी. मी पेलो."

भागिरथीने दिवा जवळ ओढला. त्याच्या ओठांच्या कोपऱ्यात पांढरा थेंब होता. तिने बोट लावून पाहिलं. दूध अजून कोमट होतं.