छायाफुप्फुस

वसुधा आत्राम खुर्चीत पुढे वाकून, हात गुडघ्यांवर रोवून श्वास ओढत होती. समोरच्या पडद्यावर तिचंच फुप्फुस संथपणे श्वास घेत होतं. खाली लिहिलं होतं : दमा आटोक्यात.

ते तिचं 'छायाफुप्फुस'. छातीची चित्रं, रक्त आणि श्वासाचा वेग यांवरून संगणकानं घडवलेली प्रतिकृती. दम्याच्या जोड-इनहेलरमध्ये दोन औषधं असतात. एक श्वासनलिकांची सूज उतरवतं, दुसरं आवळलेल्या नलिका सैल करतं. त्यांची वेगवेगळी मिश्रणं माणसांवर तपासायला पूर्वी वर्षं लागत. आता ती छायेवर एका सकाळीत तपासली जात आणि सरस ठरलेलं मिश्रण रुग्णाच्या हाती पडे.

"इनहेलर नीट ओढत नसाल तुम्ही," डॉ. पेंढारकर म्हणाले. तिला दिलेल्या नव्या मिश्रणाची चाचणी त्यांचीच होती.

"मी शाळेत खेळ शिकवते, सर. श्वास कसा घ्यायचा ते मला सांगू नका. बघा." तिनं त्यांच्यासमोर इनहेलर ओढला. चूक काढायला जागा नव्हती.

"हिला हवा कोणती देता?" तिनं पडद्याकडे बोट केलं.

"प्रमाणित. सगळ्या छायांना एकच. नाहीतर तुलना कशी होणार?"

"मग आमच्या खाणीशेजारची द्या नं! मी तीच घेते."

पेंढारकरांनी तिच्या वस्तीतल्या हवेचे आकडे भरले. काही क्षणांत पडद्यावरच्या नलिका आवळत गेल्या. त्यांनी मिश्रण बदललं, पुन्हा बदललं. एकही टिकलं नाही. मग त्यांनी सगळं जसंच्या तसं औषधाला मंजुरी देणाऱ्या समितीकडे पाठवलं.

समितीनं ती छाया सदोष ठरवून रद्द केली आणि प्रमाणित हवेत नवी घडवली. औषधाला मंजुरी मिळाली.

"तुम्ही भांडला नाहीत?" वसुधानं फोनवर विचारलं.

"भांडलो. मला चाचणीतून काढलं."

पुढच्याच आठवड्यात मैदानावर तिचा श्वास कोंडला. मुलींनी तिला उचलून दवाखान्यात नेलं. तिथल्या तरुण डॉक्टरनं वाफेच्या यंत्रात तिचं नाव घातलं, पण यंत्र सुरू होईना. आता औषध छायेच्या नोंदीवरच सुटत असे.

"मॅडम, नोंदीत तुमचा श्वास उत्तम आहे," तो ओशाळून म्हणाला.

वसुधानं त्याची बाही घट्ट पकडली. शब्द एकेक करून बाहेर आले.

"मग... इथं... मरतेय... ती कोण?"