बघशील तिकडे जाशील

पहिली भेट तिनं घडवलीच नाही, तिच्या बोर्डानं घडवली. पायाची दोरी बांधायची राहिली, लाटेनं बोर्ड हातातून काढून घेतला आणि गुडघाभर पाण्यात पाठमोऱ्या उभ्या असलेल्या सर्फिंगच्या मास्तराच्या पोटऱ्यांवर नेऊन आदळला. तो धपकन खाली बसला. वळून बघतो तर ही… केस तोंडावर, नाकात पाणी, आणि माफीऐवजी नुसता खोकला.

"नावनोंदणी त्या टपरीत होते," तो बसल्या बसल्या म्हणाला. "इथं नाही."

मग काय, दर रविवारी सकाळी ती समुद्रावर. सोबतीला आत्या, छत्रीखाली विणकाम घेऊन. बोर्डाला आत्या इस्त्रीचा पाट म्हणायची, आणि पाटावर उभं राहून कुणाचं भलं झालंय, असंही विचारायची.

सुरुवातीला तो मागून बोर्ड धरायचा, लाट जवळ येऊ द्यायचा आणि हलकेच ढकलायचा. ती नव्या वासरासारखी लटपटत उभी राहायची, हसायची, हसता हसता पडायची. पायाकडे बघू नकोस, हे त्यानं किती वेळा सांगितलं असेल! बोर्ड नजरेमागून जातो. बघशील तिकडे जाशील. एव्हाना 'अहो सर' गळून पडलं होतं, उरलं होतं नुसतं 'ए'.

मग एका रविवारी तो म्हणाला, आता ढकलणं बंद, लाट तुझी तू निवड. आणि जरा पुढे, डावीकडे, बघत उभा राहिला.

तिथं सगळं बिनसलं. ती उभी राही, बोर्ड डावीकडे वळे, आणि ही थेट त्याच्यापाशी जाऊन पाण्यात.

"माझ्या पायांशी तुझं वैर आहे का?" तिला हात देत त्यानं विचारलं.

"पायांशी नाही," ती म्हणाली, आणि पुढचं… पुढचं लाटेनं पुसलं.

वरून हसत असली तरी आत तिला लागलं होतं. सायकल शिकताना दादानं मागून धरली, नोकरीच्या मुलाखतीला बाबा दारापर्यंत आले. आणि आता इथंही, मागचा हात सुटला की आपण आडव्या. पुढच्या रविवारी स्वतःच्या जोरावर उभी राहीन, नाहीतर पुन्हा येणार नाही, असं तिनं आत्याला सांगून टाकलं. आत्याच्या सुया थांबल्या नाहीत. "चष्म्याच्या दुकानात दिवसभर लोकांना 'समोर बघा' सांगतेस ना? कधी स्वतःचंही ऐकावं माणसानं." हिला काही उमगलं नाही.

तो रविवार आला. ती डावीकडे पडली. पुन्हा डावीकडेच. त्यानं बोर्ड उलटा करून खालचं पातं तपासलं, तिची पावलं तपासली, आणि मग काय मनात आलं कोण जाणे, उजव्या बाजूला जाऊन उभा राहिला.

पुढच्या लाटेवर बोर्ड शहाण्या गाईसारखा उजवीकडे वळला आणि तिला त्याच्या पुढ्यात टाकून गेला.

तिला सावरायला धरलेला हात त्याच्या हातातच राहिला. त्यानं डावीकडे पाहिलं, उजवीकडे पाहिलं. हळूहळू त्याचे कान लाल झाले. ते बघून तिलाही कळलं… बोर्डाचं काही चुकत नव्हतं. लाट आली, लाट गेली. दोघंही पाण्यात काहीतरी हरवल्यासारखी खाली बघत राहिली.

"मी किनाऱ्यावर जातो," तो म्हणाला.

तिनं चटकन वर पाहिलं. "कंटाळलास?"

"नाही गं. तिथं सरळ समोर उभा राहतो. तू… माझ्याकडेच बघ. माझी हरकत नाही."

तो गेला, आणि समुद्र एकाएकी मोठा झाला. आता ना मागे हात, ना शेजारी कुणी. पहिली लाट तिनं भीतीनं सोडली. दुसरीही. तिसरी येताना दिसली तेव्हा तिनं कुणाला न विचारता बोर्ड वळवला, हातांनी पाणी मागे सारलं. लाटेनं तिला उचललं, आणि ती उभी राहिली.

समोर तो, बोटाएवढा, दोन्ही हात वर केलेला. बोर्ड सरळ निघाला. पायाखालचं पाणी गुरगुरत होतं, गुडघे आपसूक वाकत होते. आणि मग तिची नजर सैल झाली. विणकाम टाकून उठलेली आत्या दिसली, ढग दिसले, अख्खा किनारा दिसला… त्यात कुठंतरी तोही होता. बोर्ड सरळच चालला होता. वाळूला टेकला तेव्हा घरची पायरी उतरावी तशी ती उतरली.

तो धावत आला. "शेवटी शेवटी तू माझ्याकडे बघत नव्हतीस," तो म्हणाला. ही तक्रार होती की कौतुक, त्याचं त्यालाच ठरवता येईना.

"नव्हतेच. नाही बघितलं तरी आता पडत नाही मी." तिनं पापण्यांवरचं पाणी निपटलं. "म्हणून आता निवांत बघणार आहे. चालेल?"

त्यानं कपाळावरचे ओले केस मागे सारले.

"बघ की," तो म्हणाला, आणि फोटो काढून घ्यायला उभं राहावं तसा, हलला नाही.