पियूषची इर्जिक

“माझ्यासाठी एसटी सोडशील?”

विचारलं एकदाचं! मृण्मयीची पैजच होती – अकरावीत नव्याने आलेल्या त्या अबोल पियूषला भर स्टँडवर हे विचारायचं. पौडचा भुरभुर पाऊस, आणि छत्र्यांआड खिदळणाऱ्या मैत्रिणी.

त्याने गंभीरपणे पाहिलं. “सोडतो. पण मग तूही थांबायचं.”

एसटी गेली. खिडकीतून मृण्मयी किंचाळली, “दिशाऽऽ!” आणि आम्ही दोघं... समोरासमोर. मला हसू आवरेना.

“एवढी हसतेस कशाला गं?”

“आज हसून घेते. उद्यापासून कॉलेज बंद माझं.”

कसं कोण जाणे, सगळं सांगून टाकलं. आबांचा पाय मोडलाय, भाताची लावणी अडलीय, मजूर हिंजवडीला बांधकामावर गेलेत. लावणी मी करायची... आणि मग आईसोबत रिसॉर्टवर भांडी घासायला जायचं, कायमचं.

“गावात कुणी मदत नाही करत?”

“करतात ना! इर्जिक म्हणतात. सगळ्यांनी एकाच्या शेतात फुकट राबायचं, त्याने जेवू घालायचं. पण यंदा प्रत्येकाचंच वावर अडलंय.”

त्याने नुसती मान डोलावली आणि पुढच्या एसटीकडे वळला. मी मनात म्हटलं, दगड आहे नुसता!

रविवारी बघते तर – दगड बांधावर उभा! मागे अर्धा वर्ग, विजारी गुडघ्यापर्यंत दुमडलेल्या.

“काका, इर्जिकीला आलोय,” तो झाडाखाली खाटेवर बसलेल्या आबांना म्हणाला.

मूळचा अंबाजोगाईचा तो; भात फक्त ताटात पाहिलेला. रोपांची अख्खी मूठच त्याने एका जागी खुपसली.

“आरं लेकरा,” आई ओरडली, “भात लावतुयास का वड?”

हसता हसता मी त्याचा हात धरला. “चारच काड्या. अशा... बोटांनी दाबायच्या...” आणि पुढचं मलाच सुचेना.

“सांग की,” तो हळूच म्हणाला. “तुझ्याशिवाय वर्गात करमत नाही, म्हणून आलो मी.”

चिखलात उभी होते, तरी पाय जमिनीवर नव्हते!

दुपारी बांधावर भाकरी-सुकट खाऊन पोरं पांगली. खाटेवरून आबा म्हणाले, “इर्जिक फेडावी लागती. बाकीच्यांची वावरं हायेत. त्या पियूषचा बाप रिसॉर्टवर वॉचमन. त्याची कुटं फेडायची?”

आई भाकरीची पाटी उचलता उचलता थांबली. “मला चवथीतनं काढली, तवा परत साळंत न्यायला कुनीबी आलं न्हवतं,” ती म्हणाली. “हिला न्यायला अर्धा वर्ग आला.”

मी चिखलाचे हात ओढणीला पुसले आणि त्यांच्यासमोर उभी राहिले.

“आबा, आई, ऐका! त्याची इर्जिक मी वर्गात बसूनच फेडणार. उद्यापासून मी कॉलेजला चाललेय – बारावी होईस्तोवर, आणि त्याच्याही पुढं! अन् हो... तो पोरगा मला लई आवडतो, तेबी आत्ताच सांगून ठेवते!”